एकूण टप्पे

कान्हेरीच्या मागच्या अंगाला, जिथे फरशीची वाट संपते,
तिथून पुढे एक ओहोळ डोंगर उतरतो.
माझं काम त्याच्या उड्या मोजायचं.
फॉर्मात रकाना आहे: धबधब्याचे एकूण टप्पे.
रकाना बोटाच्या पेराएवढा.

भाद्रपद सरत आलेला, दगडांवरचं शेवाळ अजून ओलं.
पुढे नवशी वरठा, रोजंदारीवरची वाटाडी,
हातात कोयता, पायात मुलाचे जुने बूट.
वय विचारलं तर म्हणाली,
कारवी आठदा फुललेली पाहिली.
मी मनात पाढा म्हटला. आठ अठ्ठे चौसष्ट.
फॉर्मात तिच्या वयाला रकाना नव्हता.

पहिल्या टप्प्याला मी टेप लावला, दोन मीटर दहा.
ती म्हणाली, ही चूळ.
डोंगर सकाळी उठून तोंड धुतो ना, तेवढंच पाणी.
दुसऱ्याला तीन धारा, खाली एक होणाऱ्या.
ही वेणी. घट्ट नाय घातली, सुटते सारखी.
तिसरा उंच. टेप पुरेना.
मी डोळ्यांनी अंदाज बांधत होतो,
ती कातळाला टेकून पाठ खाजवत होती.
ह्याचं नाव मामाची उडी.
मामा वाचला?
वाचला की. लग्नं केली दोन.

चौथ्याचं नाव तिला आठवेना.
आईला ठाऊक होतं, म्हणाली,
आणि कोयत्याने एक वेल उगाच तोडला.

पाचवा बांबूंच्या आत.
दिसत नाही, नुसता ऐकू येतो,
शेजारच्या खोलीत कोणी भांडी विसळावीत तसा.
वर शीळकरी कस्तूर अर्धीच ओळ शिटीत घालून थांबलेला.
न दिसणारा मोजायचा का?
मी साहेबांना फोन लावला. रेंज नव्हती.
नवशी म्हणाली, देव मोजतोस ना?

मग ती थांबली.
खालून आवाज येत होता, मोठा, भरलेला,
म्हणजे अजून एक होता, सगळ्यात मोठा बहुतेक.
मी निघालो तशी तिने टेपचं टोक धरलं.
त्याला हाक मारत नाय आम्ही.
तिची बहीण मुठे धरायला उतरली होती,
ओंजळीत दोन होते, तिसऱ्यासाठी वाकली.
एवढंच सांगितलं.
बहिणीचं नाव नाही, साल नाही.
टेप आपोआप गुंडाळला गेला, माझ्या अंगठ्यावरून, सपकन.

परतताना तिने विचारलं,
एवढं पाणी पुढं जातं कुठं?
मी सांगितलं, दहिसरला. माझ्याच बिल्डिंगच्या मागून.
तिला ते फार गमतीचं वाटलं.
मग तुझ्याकडला कितवा?

रात्री मागच्या गॅलरीत उभा राहिलो.
पलीकडे तबेले, म्हशींच्या पाठींवर ट्यूबलाइटचा उजेड,
नदी काळी, तिच्यात शेण, निर्माल्य, एक उशी.
पुलाच्या अलीकडे सिमेंटचा बांध आहे, गुडघ्याएवढा.
तिथे पाणी पडतं.
इतकी वर्षं मी त्याला वास म्हणत होतो.
आज कान दिला.
त्यात चूळ होती का, वेणी होती का, मला सांगता येणार नाही,
मी मोजणी खात्याचा माणूस.
पण कोणीतरी भांडी विसळत होतं,
आणि शेजारच्या खोलीत तर कोणी राहत नाही.

सकाळी रकान्यात पाच लिहिलं.
खोडलं. सहा लिहिलं.
सहाच्या शेपटाशी पेन बराच वेळ टेकून राहिलं,
शाई पसरून एक टपोरा ठिपका झाला.
साहेबांनी विचारलं, हे काय, दशांश चिन्ह?
पुढे काही आहे का?

आहे, म्हटलं.
मोजून झालेलं नाही.